सोमवारी पहिल्या पाळीला

दारातल्या बाईनं पेढ्यांचा पुडा पुढे केला तेव्हा श्रीनिवासला वाटलं, ही घर चुकली. सिंदी मेघेत एकाच कंत्राटदारानं बांधलेली, एकाच रंगाची घरं ओळीनं उभी होती आणि एका घरचा पाहुणा दुसऱ्या घरी पाणी पिऊन जायचा, हे नेहमीचंच होतं. पण ही चुकली नव्हती. चपला तिनं फाटकापाशीच काढल्या होत्या. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून ती अनवाणी चालत आली आणि तो काही बोलायच्या आत वाकून तिनं त्याच्या पायांना हात लावला. "मी शोभा, साहेब. निकेशची आई. गिरणीच्या गेटासमोर आमचं चहाचं दुकान नाई काय, मधुकररावचं," ती म्हणाली. "पोराले लावून देल्लं तुम्ही. लय उपकार झाले जी." कुठे लावून दिलं, कोणी लावून दिलं, असं त्याच क्षणी विचारायला हवं होतं. प्रश्न अगदी जिभेवर होता. पण पायांवरून तिचा हात नुकताच उचलला गेला होता, आणि पायांना असा हात लागल्याला किती काळ लोटला होता हे त्याचं त्यालाच ठाऊक. तो म्हणाला, "बसा."

ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि कुलरचा वारा अंगावर येताच संकोचून बाजूला सरकली. मधुकरराव स्वतःच येणार होते, पण दुकानाला चुना मारून राह्यले. गिरणी सुरू होणार म्हटल्यावर दुकान असं काळंमिट्ट कसं ठेवायचं? "माह्या भावाले पण सांगून देल्लं," ती म्हणाली. "श्रावणले. जाम गावाले हायवेवर त्याचं टायरचं दुकान हाये, चांगलं चालते. त्याले पोरगं नाई ना. निकेशले ठेवतो म्हणे, काम शिकवतो, पुढं दुकान त्याच्याच हाती देतो म्हणे. पण आता गिरणीत नोकरी भेटली तं टायर खोलाले काऊन पाठवू मी त्याले? श्रावण रागावला. म्हणे, सोमवारपासून दुसरा पोरगा ठेवतो, मंग मले बोल लावजो नको." आणि ती हसली. भावाच्या रागाची तिला मुळीच फिकीर नव्हती. श्रीनिवासनं पुडा हातात घेतला. उन्हानं पेढ्यांना घाम सुटला होता आणि कागदावर तुपाचे डाग पडले होते. एक पेढा त्यानं तिच्यासमोर तोंडात टाकला. का टाकला? तिनं आग्रह केला म्हणून. पेढा तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही, हे तर खरंच. ती निघाली तेव्हा तो फाटकाकडे बघत राहिला. ती चुकून आपल्या चपला उलट्या घालून पुन्हा सरळ करत होती, इतकी आनंदात होती.

झालं होतं ते असं. लीना, त्याची बायको, नाचणगावच्या शाळेत अकरावी-बारावीच्या व्यवसाय शाखेला शिकवायची. रोज सकाळी डबा घेऊन बसनं जायची. परीक्षा आटोपली की मुलं सैरावैरा होतात, त्याआधी त्यांना मुलाखतीला बसायची सवय करून द्यावी, ही तिची कल्पना. "तुम्ही उभा जन्म मुलाखती घेतल्या. चार शनिवार मुलांसमोर बसा," ती म्हणाली होती. लीनाच्या कल्पना नेहमी दोन तोंडांनी खातात. मुलांचं भलं होईल आणि नवरा घराबाहेर पडेल. तो गिरणीचा लेबर ऑफिसर, गिरणी बंद पडल्यापासून घरातच होता. कुलरच्या जाळ्या बदलायच्या, टाकीत पाणी भरायचं, दुपारी झोपायचं. सिंदी मेघेत त्याला कुणी साहेब म्हणत नसे, 'लीना मॅडमचे मिस्टर' म्हणत. किराणा दुकानदारही म्हणायचा. त्याला याचं काही वाटत नाही असं तो लीनाला सांगायचा आणि लीना विश्वास ठेवल्यासारखं करायची. पहिल्या शनिवारी त्यानं कपाटातून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, तेव्हा तिनं त्याची कॉलर नीट केली.

शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर हिरवं कापड अंथरलं होतं. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची. धूर नसलेली चिमणी बघायला विचित्रच वाटायची. पोरं बाहेर चपला काढून अनवाणी आत यायची. तो सांगायचा, चपला घालून या, बाबांनो, हे देऊळ नाही. पोरं माना हलवायची आणि पुन्हा अनवाणी यायची. दुसरी खोड त्याहून चिवट. खुर्चीवर बसवलं तर बसायची, पण प्रश्न विचारला रे विचारला की ताडकन उभी राहायची. बालवाडीपासून सवय, उत्तर उभं राहूनच द्यायचं. नाव काय, उभा. शिक्षण काय, उभा. पहिला शनिवार नुसता बसवण्यात गेला. निकेशला तर खुर्चीवर टेकवणंच कठीण. "तुमच्यासमोर कसा बसू सर? लेबर हापिसात तुमच्यासाठी चहा घेऊन येत होतो मी," तो म्हणाला, आणि श्रीनिवासला एकदम तो चहा आठवला. चटका देणारा, आल्याचा, तारेच्या जाळीतल्या पेल्यातला. तो पेला टेबलावर ठेवणारा लहान हात मात्र आठवेना. त्या हाताकडे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. मुलगा हुशार होता, नजर स्थिर. ध्येय काय विचारल्यावर इतर पोरं गाइडातलं 'देशसेवा' म्हणायची, हा म्हणाला, "गिरणी सुरू झाली पाह्यजे." कुणी हसलं नाही. त्यांच्या सगळ्यांच्या घरात हेच बोलणं चालायचं. कुणी नवा मालक येणार, कुणी म्हणे मोजमाप झालं, कुणी म्हणे यंत्रं पाहायला बाहेरची माणसं आली होती. गेली काही वर्षं दर उन्हाळ्यात गिरणी सुरू होत होती.

तिसऱ्या शनिवारी त्यानं पोरांना त्याच्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट शिकवली. मुलाखतीच्या शेवटी साहेब मुद्दाम तुम्हाला खचवून पाहील, तो म्हणाला. म्हणेल, जागा नाही, तुम्ही लायक नाही, उगाच आलात. ते खरं धरायचं नाही. तो माणूस तुमचा चेहरा बघत असतो. पाठ ताठ ठेवायची, खुर्चीतून उठायचं नाही, हसायचं आणि म्हणायचं, "हरकत नाही सर, मी वाट पाहीन." सगळ्यांकडून त्यानं ते घोटून घेतलं. जागा नाही, तो ओरडायचा. हरकत नाही सर, पोरं म्हणायची. लायक नाहीस तू! हरकत नाही सर. मजा येत होती. पोरी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या आणि तो दमदार आवाजात, गेटवरच्या जुन्या आवाजात, एकेकाला नाकारत होता. निकेशची पाळी आली तेव्हा त्यानं त्याला चांगलाच रगडला. बापाचं दुकान सांभाळ, म्हणाला, पेले विसळ, तुला कोण घेणार? मुलाचा चेहरा हलला नाही. ओठांवर एक नेमकं, नम्र हसू आलं. "हरकत नाही सर. मी वाट पाहीन." आणि त्या हसण्यानं श्रीनिवासच्या आत कुठलातरी जुना खटका दाबला गेला असावा. तो उठला, हात पुढे केला आणि म्हणाला, "घेतलं तुला. एक आठवडा सोडून, सोमवारी पहिल्या पाळीला गेटवर ये." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तीच पोरं नंतर म्हणाली असतील, सर कसं खरंखुरं बोलतात! वाक्य कुठून आलं ते त्याला कळलं होतं. पंचवीस वर्षं तो तेच वाक्य म्हणत आला होता, त्याच क्रमानं, त्याच सुरात. तोंडाला त्याची चव होती. परतताना बसमध्ये त्यानं ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं होतं आणि त्याला बरं वाटलं होतं. निकेशनं टाळी वाजवली नव्हती, तो नुसता उभा होता, हे तेव्हाच दिसलं होतं की आता पेढे खाल्ल्यावर आठवत होतं, सांगता येत नाही.

लीना शाळेतून आली, हातपाय धुतले आणि तिला ओट्यावरचा पुडा दिसला. "कुणी आणले?" निकेशच्या आईनं, तो म्हणाला. "निकाल तर लागला नाही अजून." मग त्याला सांगावं लागलं. ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. "तुम्ही नाही म्हणालात ना तिला?" तो कुलरची टाकी बघायला वाकला. "अहो, मी काय विचारते? नाही म्हणालात ना?" टाकीत पाणी भरपूर होतं. त्यानं तरी पाइप सोडला. मागून तिचा आवाज आला, आता हळू. "त्या पोराचं जामचं सगळं ठरलं होतं. वर्गात मला सांगत होता, मॅडम, मामा गाडी चालवायलाही शिकवणार आहे. मी उद्या जाऊन सांगते त्यांना." तेव्हा तो वळला. "मी सांगीन. माझ्या तोंडून गेलंय, मीच सांगीन." हे बोलताना त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं, आणि लीनाला ते दिसलं असावं, कारण तिनं चेहरा फिरवला आणि पुडा उचलून शेजारच्या मुलांना वाटून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. ऊन फार होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बसच्या वेळेला निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि छत्री विसरली म्हणून परतला, मग गेलाच नाही. दुपारी कुलरसमोर पडल्या पडल्या त्याला गेट दिसायचं. गिरणीत रोज कुणी ना कुणी गैरहजर असायचं आणि त्यांच्या जागी घ्यायला बदली कामगार पहाटेच गेटवर येऊन उभे राहायचे. भोंगा झाला की तो बाहेर यायचा आणि बोटानं दाखवायचा. तू ये. तू. तू. उरलेल्यांना, आज जागा नाही. काही शिव्या घालायचे, काही युनियनकडे धावायचे, काही त्याच्या घरी येऊन बायकापोरांसकट बसायचे. त्यातल्या लक्ष्मणरावानं मात्र कधी तक्रार केली नाही. उंच, काळा, कपाळावर अष्टगंध. त्याला नाही म्हटलं की हसायचा. "हरकत नाई साहेब. थांबतो मी." आणि कडुनिंबाखाली जाऊन मधुकररावचा अर्धा कप चहा घेऊन बसायचा, कुणी मध्येच घरी गेला तर बोलावतील म्हणून. श्रीनिवासला हा माणूस मनापासून आवडायचा. सगळ्यांना त्याचं उदाहरण द्यायचा. आणि कायम करायची वेळ आली की कटकटी लोकांना आधी कायम करून टाकायचं, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील, लक्ष्मणराव काय, थांबेल. लक्ष्मणराव थांबला. मिशा पांढऱ्या झाल्या तरी बदलीच होता, आणि गिरणी बंद झाली तेव्हा त्याच्या हातात काहीच पडलं नाही, कारण तो कधी नोकरीत नव्हताच. हे सगळं श्रीनिवासला नव्यानं कळलं अशातला भाग नाही. पण आपण शाळेत पोरांना ते हसू शिकवलं, त्याच माणसाचं, घोटून घोटून, हे कळल्यावर तो उठून बसला. तो पाणी प्यायला आणि पुन्हा पडला, आणि स्वतःचा असा राग आला की भिंतीवर डोकं आपटावं.

शनिवारी लीनानं त्याची छत्री, रुमाल आणि बसचे सुटे पैसे टेबलावर काढून ठेवले. दोघं एकाच बसमधून गेली, ती शाळेकडे वळली आणि तो गिरणीकडे. वळणावरून गेट दिसलं आणि त्याचे पाय थबकले. गेटभोवती माजलेली बेशरमाची झुडपं कुणीतरी तोडून साफ केली होती. कडुनिंबाखाली माणसं होती, दहा असतील, पंधरा असतील. जुनीच तोंडं, फक्त वाळलेली. ती उठून उभी राहिली. कुणी विडी मागे लपवली. बाजूला एकटा लक्ष्मणराव होता, ताजी दाढी केलेला, कपाळावर अष्टगंध. "साहेब, माह्यंबी पाह्यजा जमलं तं," तो म्हणाला, आणि लगेच, अडचण नको व्हायला म्हणून, "नाई तं हरकत नाई." श्रीनिवास म्हणाला, "लक्ष्मणराव, अहो, काही नाहीये इथं. गिरणी सुरू होत नाहीये." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब वरच्या लोकांचं गुपित असं रस्त्यावर थोडंच फोडणार, असं ते एकमेकांकडे पाहून समजून घेत होते. एकानं तर दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. तो तसाच पुढे निघाला, मागे न बघता.

दुकानाला चुना मारून झाला होता. पांढऱ्याफटक भिंती, नवे पेले पालथे घातलेले, आणि फळीवर लाल रंगाचा, पैसे टाकून बोलायचा फोन. मधुकरराव गादीवरून धडपडत उतरले. "या, या साहेब! अगं शोभा, साहेब आले! निकेश, खुर्ची आण बे!" निकेश आतून खुर्ची घेऊन आला. अंगात नवा शर्ट, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. श्रीनिवास बसला. उभ्यानंच सांगून टाकायचं असं ठरवलं होतं, पण बसला. चहा आला, आल्याचा, आणि त्यानं या वेळी पेला ठेवणाऱ्या हाताकडे पाहिलं. लांब बोटं, नखाजवळ भाजल्याचा जुना डाग. "निकेश," तो म्हणाला, "बैस समोर." निकेश स्टुलावर बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. "त्या दिवशी शाळेत जे झालं, तो सराव होता. खोटी मुलाखत. मी तुला घेतलं म्हणालो ते खोटं होतं. मी कुणाला घेऊ शकत नाही. मला स्वतःला नोकरी नाही. गिरणी बंद आहे, बंदच राहणार. सोमवारी इथं कोणी येणार नाही. तू जामला जा, मामाकडे. आजच जा."

तो एका दमात बोलला होता. शोभाबाई हातातलं फडकं पिळायची थांबल्या. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, अगदी क्षणभर, आणि श्रीनिवासला सुटल्यासारखं वाटलं, की कळलं, कुणाला तरी कळलं. पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या मुलाकडे बघत होत्या. मधुकररावही श्वास धरून मुलाकडेच बघत होते. निकेशच्या ओठांवर हसू आलं, नेमकं, नम्र, जितकं घोटून घेतलं होतं तितकंच. "हरकत नाही सर," तो शुद्ध भाषेत म्हणाला. "मी वाट पाहीन."

"निकेश, हा सराव नाही! मी खरं सांगतोय!" श्रीनिवासचा आवाज चढला. तो चढला तसा गेटवरचा झाला, त्याचं त्यालाच ऐकू आलं, पण खाली आणता येईना. "तुला अक्कल आहे का? जागा नाही म्हणतोय मी! जागा नाही!" मुलाची पाठ आणखी ताठ झाली. डोळे मात्र किंचित ओलसर झाले होते, भीतीनं की अपमानानं, पण हसू जागचं हललं नाही. "पाह्यलं ना साहेब?" मधुकरराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "पडला काय चेहरा? घरी सांगतलं त्यानं आम्हाले. सर असंच बोलते म्हणे शेवटी, खच्चून बोलते, आपण हलाचं नाई. रोज मायसमोर बसून करून राह्यला, पाठ दुखेस्तोवर." शोभाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी तं घाबरूनच गेलती जी."

श्रीनिवासनं आजूबाजूला पाहिलं. काय म्हणायचं? शपथ घ्यायची? कुणाची? रडायचं त्यांच्यासमोर? रडला असता तर तेही परीक्षेतलं धरलं असतं त्यांनी. लीनाला बोलावून आणावं, तिचं ऐकतील, तो पटकन उठायला गेला, आणि तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. मधुकररावांनी रिसीव्हर उचलला. "हां, श्रावण, बोल." पलीकडचा आवाज घाईतला होता, मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. श्रावण शेवटचं विचारत होता, एवढं श्रीनिवासला कळलं. रिसीव्हर हिसकावून घ्यावा असं वाटलं. हात उचललाही. पण पलीकडून कोण बोलता म्हणून विचारलं तर काय सांगायचं? गिरणीचे लेबर साहेब बोलतोय? एवढ्यानं श्रावणचीही उरलीसुरली शंका मिटली असती. हात तसाच हवेत राहिला, आणि मधुकररावांना वाटलं, साहेब चहाचा पेला मागताहेत. त्यांनी मानेनं शोभाबाईंना खूण केली. "नाई रे बाप्पा," ते फोनमध्ये म्हणत होते, "पक्कं हाये. अबे, साहेब खुद्द बसले हायेत माह्या दुकानात, आत्ता पुन्हा इंटरव्ह्यू झाला, त्यातबी पास झाला. ठेवून घे तू त्या दुसऱ्या पोराले. हो. हो. ठेव." रिसीव्हर जागेवर बसला. शोभाबाईंनी दुसरा चहा आणून त्याच्या हातात दिला. समोर निकेश अजून तसाच बसला होता, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, पुढच्या प्रश्नासाठी.